साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौसष्ट, व्यवसाय वकिली, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही. लाडीगोडीचा प्रयत्न एकाने केला, त्याचा उल्लेख पुढे येईल. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्याचा भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतो आहे याचीही आठवण करून दिली. त्यांनी मुकाट्याने दाखला लिहिला.

हे मी रागात लिहीत आहे, हे मान्य. परंतु उद्या कोणी कोर्टात उभे राहून "मृत्युपत्र करणारी रागाच्या भरात होती, सबब तिची मनःस्थिती ठीक नव्हती" असे म्हणणार असेल, तर त्याला आत्ताच सांगते. हा युक्तिवाद मी स्वतः चार दाव्यांत लिहून दिलेला आहे आणि चारही वेळा तो पडला आहे. शिवाय माझा राग चौदा वर्षे जुना आहे. त्याला भर म्हणत नाहीत.

माझी मिळकत थोडी आहे: पुस्तके, भिंतीवरचे एक घड्याळ, रोजनिशा, एक चषक, एक गाऊन आणि बँकेतली शिल्लक. राहते घर मी माझ्या कमाईतून घेतले. त्यात वडिलांचा, भावाचा वा आणखी कोणाचा हिस्सा नाही. घराचे कलम शेवटी आहे. ज्यांना तेवढ्याच कलमात रस आहे त्यांनी मधली पाने गाळू नयेत. एका शिवणकाम करणाऱ्या बाईचे घर माझ्यामुळे गेले. तिला घर मिळायला हवे, आणि मृत्युपत्र लिहायला मी मुळात बसले ते त्यासाठीच.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी कोर्टाच्या फाटकाशी टेबल टाकून बसणाऱ्या टंकलेखकाने करावी. गेली बारा वर्षे माझे टेबल त्याच्या टेबलाला लागून आहे. तिथे बसून मी भाडेकरार आणि प्रतिज्ञापत्रे करते. त्याने कायद्याचे शिक्षण घेतलेले नाही, त्यामुळे सांगितलेले काम तो त्याच दिवशी करतो. माझ्या पुतण्याला वाटेल की हे काम आपल्याकडे यायला हवे होते, आपण वकील आहोत. वकील आहे म्हणूनच दिलेले नाही.

कलम २. माझी कायद्याची सर्व पुस्तके, कपाटासकट, मी जिथे शिकले त्या विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाला द्यावीत. करार, मालमत्ता आणि वारसा या विषयांची झिजली आहेत, बाकीची कोरी करकरीत आहेत. मात्र एक अट आहे.

दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयाने मला "कायद्याच्या पदवीनंतरच्या वाटा" या विषयावर बोलायला बोलावले होते. मुलांना गुळगुळीत कागदावर छापलेले एक पत्रक वाटले होते. त्यात वकिली, न्यायाधीशपद, सरकारी वकील, कंपनीतला कायदा अधिकारी, प्राध्यापक, लवाद अशी यादी होती आणि प्रत्येक नावाशेजारी काळ्या कोटातला एक हसरा तरुण उभा होता. प्राचार्य दारातच म्हणाले, "मॅडम, जरा उत्साह येईल असं बोला हं. पहिल्या वर्षाची मुलं आहेत." मी तसे बोलले. पुढच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, सुरुवातीला नेमकं काय काम करावं लागतं?" मी म्हणाले, "सुरुवातीला शिकायला मिळतं." तिने ते वहीत लिहून घेतले. घरी आले आणि दोन दिवस स्वतःवरच धुमसत राहिले.

तेव्हा अट अशी. दर वर्षी पहिल्या दिवशी, ते पत्रक वाटण्याआधी, पुढचा मजकूर पहिल्या वर्षाच्या वर्गात मोठ्याने वाचावा. वाचायची लाज वाटत असेल तर पुस्तके रद्दीवाल्याला द्यावीत. तो निदान ती उचलून तरी बघतो.

"मुलांनो, या पत्रकात एक काम छापायचे राहिले आहे. दुसऱ्याच्या वतीने उभे राहून पुढची तारीख मागणे, हे ते काम. तुमच्यातल्या पुष्कळांना आधी तेच मिळेल आणि काहींना शेवटपर्यंत तेच मिळेल. त्याला परीक्षा नाही आणि त्यात कोणी नापास होत नाही. पाच वर्षांत तुम्हाला हजार कलमे शिकवतील. पण कोर्टाबाहेरच्या बाकावर बसलेला माणूस सकाळपासून पाणी का पीत नाही, हे कोणी शिकवणार नाही. तो पाणी पीत नाही, कारण त्याला उठावे लागेल आणि नेमके तेव्हाच त्याचे नाव पुकारले जाईल अशी त्याला भीती असते. जा आणि त्याच्या शेजारी एक दिवस बसा. मग पुस्तक उघडा."

कलम ३. भिंतीवरचे घड्याळ साहेबांच्या मुलाला परत करावे. साहेब म्हणजे माझे सीनियर. मी विद्यापीठाचे सुवर्णपदक घेऊन तेविसाव्या वर्षी त्यांच्या कार्यालयात लागले आणि बावन्नाव्या वर्षी, ते वारल्यावर, बाहेर पडले. कामाला पंचवीस वर्षे झाली तेव्हा त्यांनी मला हे घड्याळ दिले. त्यावर त्यांचे नाव कोरलेले आहे, माझे नाही.

साहेब लबाड नव्हते. लबाड असते तर मला राग करणे सोपे गेले असते. त्यांनी कधी विरुद्ध बाजूशी हातमिळवणी केली नाही, खोटा कागद केला नाही. फक्त त्यांना कोणाला नाही म्हणता येत नसे. येईल ते वकीलपत्र घ्यायचे, मोठ्या अशिलासाठी मोठ्या कोर्टात जीव तोडून भांडायचे आणि लहान अशिलासाठी लहान कोर्टात मला धाडायचे. "तू फक्त उभी राहा आणि तारीख घे. बाकी मी बघतो." बाकीचे त्यांनी कधीच बघितले नाही. सातव्या-आठव्या वर्षी मी एकदा धीर करून म्हणाले, "साहेब, या दाव्यातली साक्ष मी घेऊ का? फाइल मला पाठ आहे." ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "अगं, फाइल पाठ असणं वेगळं आणि उभं राहणं वेगळं. अशील माझं तोंड बघून येतात, तुझं नाही." त्यावर सुवर्णपदकवाली मूग गिळून गप्प बसली. माझ्या रागातला निम्मा वाटा साहेबांचा आहे, आणि निम्मा त्या गप्प बसणारीचा.

घड्याळ उत्तम चालते. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

कलम ४. माझ्या सर्व रोजनिशा, एकोणतीस, पुतण्याला द्याव्यात. तो माझ्या वारलेल्या भावाचा एकुलता एक मुलगा. त्याला कायद्याला मीच घातले. प्रवेशाच्या रांगेत त्याच्याबरोबर मी उभी होते, पहिली पुस्तके मी घेऊन दिली. पदवी झाल्यावर मात्र तो मला न विचारता साहेबांच्या मुलाकडे ज्युनियर म्हणून लागला. तिथे मोठमोठी माणसे येतात म्हणे.

गेल्या वर्षी एका प्रतिज्ञापत्रासाठी मी कोर्टात मागच्या बाकावर बसले होते. एका दाव्याचा पुकारा झाला आणि माझा पुतण्या उभा राहिला. मान किंचित वाकडी, आवाज नम्र, डावा हात फायलीवर. "साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, तारीख मिळावी." तारीख मिळाली. त्याच्या मागे कापडी पिशवी छातीशी धरून एक म्हातारा उभा राहिला होता, तो पुन्हा खाली बसला. मी पुतण्याला व्हरांड्यात गाठले.

"किती वर्षं झाली तुला इथे?"

"तीन. का गं आत्या?"

"एक तरी साक्ष घेतलीस?"

"साहेब म्हणालेत, पुढच्या वर्षी देतो. आत्या, अगं सगळेच असं करतात. सुरुवातीला शिकायचं असतं."

मी त्या मुलीला दिलेले उत्तर त्याने माझ्याच तोंडावर मारले, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच आठवड्यात तो मिठाईचा डबा घेऊन घरी आला आणि पंख्याकडे बघत म्हणाला, "आत्या, घराचं एकदा कागदावर घेऊन टाकू या का? ड्राफ्ट मी करतो, तुला काही त्रास नको." मिठाई चांगली होती. ड्राफ्ट मी स्वतः करायला बसले.

तर या रोजनिशा त्याने वाचाव्यात. प्रत्येक पानावर दाव्याचा क्रमांक, पुढची तारीख आणि ती कोणत्या कारणावर मिळाली ते लिहिले आहे. कारण लिहून ठेवावेच लागते, नाहीतर एकाच न्यायाधीशांपुढे एकच कारण लागोपाठ दोनदा जाते आणि पंचाईत होते. प्रत्येक रोजनिशीच्या शेवटच्या पानावर कारणांची यादी आहे. साहेबांची तब्येत. कागदांच्या नकला मिळाल्या नाहीत. अशील बाहेरगावी आहे, अशील मागच्या बाकावर बसलेला असतानाही. साहेबांच्या एका मावशीला मी एकाच न्यायाधीशांपुढे दोनदा मारले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "यांना मावश्या आहेत तरी किती?" सगळे कोर्ट हसले. मीही हसले, आणि तारीख मिळाली. मागच्या बाकावर शिवणकाम करणारी बाई बसली होती. ती हसली नाही.

तिच्याबद्दल आता लिहितेच. ती पहिल्यांदा आली तेव्हा तीस वर्षांची होती. नवरा जाऊन महिना झाला होता. ती दोन दिवस आईकडे गेली आणि परत आली तो दाराला दिराचे कुलूप. घर नवऱ्याच्या नावावर होते, कागद चोख होते, शेजारी साक्ष द्यायला तयार होते. तिचे शिवणयंत्रसुद्धा आतच अडकले होते. घराचा ताबा परत मिळावा एवढीच तिची मागणी होती. इतका सरळ दावा मी वकिलीत दुसरा पाहिला नाही. साहेबांनी वकीलपत्र घेतले, तिला चहा पाजला, "काळजी करू नका" म्हणाले आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

अकरा वर्षांत मी त्या दाव्यात अठ्ठावन्न तारखा घेतल्या. दर तारखेला ती कामाचा खाडा करून यायची. कागद एका उरलेल्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळलेले असायचे. "वकीलताई, आज होईल का हो?" "आज नाही, साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत." "बरं." एवढेच आमचे बोलणे. या काळात तिने सात खोल्या बदलल्या. दर वेळी मी नवा पत्ता फायलीवर लिहून घ्यायचे, तोही सुवाच्य अक्षरात. पुतण्याने हे पत्ते जरूर पाहावेत.

कलम ५. चांदीचा मुलामा दिलेला चषक माझ्या एका वर्गमैत्रिणीला द्यावा. ती आता न्यायाधीशपदावरून निवृत्त झाली आहे. महाविद्यालयात अभिरूप न्यायालयाची स्पर्धा होती, म्हणजे खोटा खटला आणि खरे भांडण. अंतिम फेरीत ती एका बाजूला आणि मी दुसऱ्या. मी चाळीस मिनिटांत एका काल्पनिक भाडेकरूला त्याचे काल्पनिक घर परत मिळवून दिले. निकाल लागल्यावर तिने माझा हात दाबला आणि म्हणाली, "तू उभी राहिलीस ना, की भीतीच वाटते बाई." पुढे ती न्यायाधीशपदाची परीक्षा देऊन गेली, मी साहेबांकडे गेले. सत्तावीस वर्षांनी तिची बदली आमच्या कोर्टात झाली आणि शिवणकाम करणाऱ्या बाईचा दावा तिच्यापुढे आला.

पुकारा झाला. मी उठले आणि नेहमीचे वाक्य म्हटले. तिने लेखणी खाली ठेवली.

"हा दावा अकरा वर्षं जुना आहे. आता तारीख नाही. वादी हजर आहेत?"

बाई मागे उभी राहिली. "आहे, आहे."

"मग विद्वान वकिलांनी स्वतः साक्ष घ्यावी," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तुम्हाला येतं. मला माहीत आहे."

फाइल माझ्या हातात होती. कोणता कागद कितव्या पानावर आहे ते मला डोळे मिटून सांगता आले असते. साक्ष देणारे शेजारी बाहेर बाकावर बसलेले होते. साहेब खरोखरच दुसऱ्या कोर्टात होते. मला अडवायला कोणीही नव्हते. मी तोंड उघडले आणि म्हणाले, "साहेबच साक्ष घेतील. एक शेवटची तारीख मिळावी."

तिने पुन्हा विचारले. मी पुन्हा तेच म्हणाले. सत्तावीस वर्षांच्या सरावाने तोंडाला दुसरे वाक्य उरलेच नव्हते. वादीकडून पुरावा नाही, सबब दावा फेटाळला.

व्हरांड्यात बाई माझ्यामागून धावत आली. "वकीलताई, पुढची तारीख कधी?"

"आता तारीख नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मी तो विसरू शकलेले नाही. "म्हणजे संपलं एकदाचं! मग सामान कधी हलवू मी?"

मी तिला उभ्या उभ्या सांगितले. ती बाकावर बसली. मांडीवरची कागदांची गुंडाळी बघत म्हणाली, "पण मी तर आले होते की."

अपिलाचे विचारले तेव्हा साहेब "बघू" म्हणाले. बघता बघता मुदत गेली. मी फाइल फितीने बांधली आणि वरच्या फळीवर ठेवली. त्यानंतरही दोन वर्षे मी त्याच कार्यालयात त्याच टेबलाशी बसत होते. साहेबांना मी एखादवेळ माफ करीन, त्या दोन वर्षांसाठी स्वतःला करणार नाही.

न्यायाधीश मैत्रिणीबद्दल मात्र मी कितीतरी वर्षे भलतेसलते बोलत राहिले. कॉलेजातल्या हरण्याचा तिने सूड घेतला, असे मी चारचौघांत सांगितले. ते खोटे आहे. ती मला चांगली ओळखत होती, म्हणून तिने मला उभे केले. मीच उभी राहिले नाही. चषक तिचा आहे. तो पुसून घेण्याची गरज नाही, मी गेल्याच आठवड्यात घासला.

कलम ६. माझा गाऊन कोणत्याही वकिलाला देऊ नये. दोन वर्षांपूर्वी तो खांद्यावर फाटला. टंकलेखकाने मागच्या गल्लीतले एक शिवणाचे दुकान सांगितले. मी गेले, तर मशीनवर तीच. केस पांढरे झाले होते. तिने मला लगेच ओळखले आणि जे म्हणाली ते मला शिवीपेक्षा जास्त लागले. "वकीलताई, बसा ना." मी बसले. तिने गाऊन शिवून दिला. मशीन दुकानदाराचे होते. कपडे कापायच्या टेबलाखाली वळकटी आणि एक पेटी दिसली. मी विचारले, "राहता कुठे?" ती दोरा दाताने तोडत म्हणाली, "हे काय, इथेच. मालकांनी राहू दिलंय, म्हातारे आहेत तोवर." दिराच्या मुलांनी तिचे घर पाडून तिथे गाळे बांधले आहेत, हेही तिने सांगितले. मला पाण्याचा पेला दिला. ती एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर मी आभार मानले असते.

गाऊनचे कापड चांगले आहे. तिने उसवून काय हवे ते करावे.

कलम ७. बँकेतल्या शिल्लकेतून कोर्टाच्या व्हरांड्यात बाक करून घ्यावेत. पाठ टेकता येईल असे. सध्याच्या बाकांना पाठ नाही, कारण ते ज्यांनी बनवून घेतले त्यांना आत खुर्ची आहे. बाकांवर माझे नाव घालू नये. कोर्टाने "परवानगीसाठी अर्ज करा, पुढच्या महिन्यात बघू" म्हटले, तर टंकलेखकाने बाक सरळ हमालाकडून व्हरांड्यात आणून ठेवावेत आणि निघून यावे. ठेवलेला बाक उचलण्यासाठीही त्यांना तारीख लागेल, आणि तोवर माणसे टेकून बसतील.

कलम ८. घर.

पुतण्याच्या मिठाईनंतर मी जे मृत्युपत्र लिहिले ते आठ पानी होते. "हे घर माझ्या पश्चात शिवणकाम करणाऱ्या बाईला पूर्ण मालकीने मिळावे" असे कलम मी त्यात घातले होते आणि पुतण्याच्या प्रत्येक संभाव्य हरकतीला आधीच उत्तर देऊन ठेवले होते. इतका बळकट कागद मी जन्मात लिहिला नव्हता. मला स्वतःचा अभिमान वाटला, हे कबूल करते. तो कागद घेऊन मी दुकानात गेले आणि तिला वाचून दाखवला. ती कोणाच्या तरी झग्याला टाचण्या लावत होती. माझे वाचून झाल्यावर तिने तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर?"

"हो."

"तुमची तब्येत तर ठणठणीत दिसते."

मी हसले. ती हसली नाही.

"तुमचा तो पुतण्या भांडणार नाही?"

"भांडेल. पण टिकणार नाही तो. मी पक्कं लिहिलंय."

"किती दिवस चालेल ते?"

 उत्तर मला येत होते. पुतण्याच्या बाजूने साहेबांचा मुलगा उभा राहणार, म्हणजे खरे तर राहणार नाही, कोणीतरी ज्युनियर उभा राहणार. दहा वर्षे, कदाचित बारा.

"वकीलताई, मी पंचावन्नची आहे," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आधी तुमच्या मरणाची वाट बघू, मग कोर्टाच्या निकालाची? तुम्ही मला घर देताय की परत त्या बाकावर बसवताय? तुमचं घर मी मागितलं नव्हतं. मला माझं हवं होतं. ते तुम्ही घालवलंत, साहेबांनी नाही. तुम्ही उभ्या होतात तिथे, मी बघत होते. द्यायचंच असेल तर द्या ना! मी जिवंत आहे, तुम्हीही जिवंत आहात. नसेल द्यायचं तर हा कागद उचला, मला हे उद्यापर्यंत शिवून द्यायचंय."

मी कागद उचलला. रस्त्यावर आले आणि मला दिसले की मी प्रायश्चित्तसुद्धा तारीख मागूनच करायला निघाले होते. एवढा राग मला साहेबांचाही कधी आला नव्हता. आठ पाने तिथेच फाडली.

तेव्हा, माझ्या पुतण्या, ज्या कलमासाठी तू इथवर आलास ते असे आहे. या मृत्युपत्रात घर नाही. मागच्या महिन्यात मी ते नोंदणीकृत बक्षीसपत्राने शिवणकाम करणाऱ्या बाईला देऊन टाकले आहे. टंकलेखकाने मजकूर टंकताना बोटे थांबवून विचारले होते, "मॅडम, तुमच्या हयातीपर्यंत राहण्याचा हक्क तरी लिहू का?" मी नको म्हणाले. नोंदणी अधिकाऱ्याने "आज गर्दी आहे, पुढच्या आठवड्यात या" म्हटले, तेव्हा मी त्याच्या टेबलापुढे उभी राहिले आणि चाळीस मिनिटे बोलले. मला अजून येते. नोंदणी त्याच दिवशी झाली.

ती तिसऱ्या दिवशी वळकटी आणि पेटी घेऊन आली. प्रत्येक खोलीत एकदा जाऊन आली, पुढच्या खोलीची खिडकी उघडून पाहिली आणि म्हणाली, "मशीन इथे येईल." मी माझी बॅग भरून दाराशी ठेवली होती. तिने ती पाहिली. मला वाटले, आता काहीतरी चांगले बोलेल. ती म्हणाली, "मागची खोली रिकामीच आहे. राहायचं तर राहा. पण माझ्या कामाच्या वेळात मध्ये मध्ये बोलायचं नाही."

हे मृत्युपत्र तू वाचशील तेव्हा मी नसेन, अशी रीत आहे. ती मला मान्य नाही. याची एक प्रत आजच तुझ्या कार्यालयात पोचती करत आहे. तुला भांडायचे असेल तर ये, पण घरी आधी बेल वाजव. दार उघडायचे की नाही हे ती ठरवील. तिने उघडले नाही तर बाहेरून मला हाका मारू नकोस. मला उघडता येणार नाही. ते तिचे दार आहे.

वरील मजकूर मृत्युपत्र करणारीने आम्हा दोघांसमोर मोठ्याने वाचला, आणि आमच्यासमोर सही केली. वाचताना ती तीन वेळा टेबलावर हात आपटून बोलली, परंतु शुद्धीत होती.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार १: दवाखान्याचे डॉक्टर (सही)

साक्षीदार २: कोर्टातला निवृत्त शिपाई. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या नावाचा पुकारा अठ्ठावन्न वेळा मीच केला होता. (सही)

ठिकाण: मागची खोली, घरमालकिणीच्या परवानगीने

दिनांक: १४ मार्च